बघायला आलेली माणसं

सांगलीच्या पेठभागातल्या आमच्या घरात माणसं पंधरा-सोळा आणि आरसा एक. मोरीच्या बाहेर, मोठ्या काकांच्या दाढीच्या उंचीला, खिळ्यावर अडकवलेला. आम्हा पोरांना त्यात भांग आणि कपाळ एवढंच दिसायचं. उरलेला चेहरा बघायचा तर बादली पालथी घालून तिच्यावर चढायचं, आणि बादलीवर चढलेलं पोर मोठ्या काकूला दिसलं की पाठीत धपाटा ठरलेला. सारखं आरशात बघणाऱ्या पोरीचं चित्त थाऱ्यावर राहत नाही, असं तिचं म्हणणं. मुलग्यांबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. पण मिसरूड फुटायच्या वर्षी दादाने ती बादली फोडली, आणि मग बंदी सगळ्यांनाच झाली.

आम्ही चुलत-आते भावंडं १९६९ ते १९८१ या काळात जन्मलेली. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्यांचे कपडे शिवायचे, त्यामुळे आम्ही रांगेने निघालो की गल्लीत ‘बँडवाले आले’ म्हणायचे. आपण दिसतो कसे, ही माहिती घरची माणसंच पुरवायची आणि ती पुरवताना कुणी कचरत नसे. एकजण चिपाड, एकजण ढब्बू, एक नकटी. मला ‘चष्मिष’ हे नाव चष्मा लागण्याआधीच पडलं होतं, कारण मी डोळे बारीक करून बघायची. आजोबांची मार्केट यार्डात हळदीची अडत. हरिपूरच्या पेवांत माल भरलेला असायचा, सौद्याच्या दिवसांत घरात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या धोतराला पिवळी धूळ असायची. आणि आमची ताई सावळी. आत्या माहेरी आली की उंबऱ्यातच सुरू व्हायची, “हळदीच्या घरात जन्मून ही पोर काळी कशी निपजली गं?” सगळे हसायचे. ताईसुद्धा हसायची.

आत्याचं हे उंबऱ्यातलं बोलणं म्हणजे घरातल्या प्रत्येक देहाचा वार्षिक हिशेब. “वाळलीस की गं.” “हा बघ किती सुटलाय.” “केसं कुठं गेली हिची?” वर्षातून दोनदा, गौरी-गणपतीला आणि मे महिन्यात. ती परत गेली की तिचे शेरे आठ-दहा दिवस घरात रेंगाळायचे आणि मग परीक्षा, आंबे, भांडणं यांत विरायचे. सगळेच विरायचे असं नाही. ताईने स्वतःची हळद सोडली तर आयुष्यात पिवळी साडी अंगाला लावलेली नाही. आज ती आजी झाली आहे, आणि अजून दुकानात पिवळा रंग पुढे आला की हाताने बाजूला सारते. तेव्हा जुन्या दिवसांत आम्हाला दिसण्याची फिकीर नव्हती, आम्ही कसे निरागस होतो, हे जे आमच्या वयाची माणसं गटागटांत लिहीत असतात ते मला पटत नाही. फिकीर होती. फक्त ती करायला वेळ ठरलेला होता.

फोटो काढायचा म्हणजे हरभट रोडच्या बाजूला एका बोळातला स्टुडिओ. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या गावात स्टुडिओचा पडदाही नाटकाचा शोभेल असा: संगमरवरी जिना, तळं, तळ्यात हंस, वर चंद्र. आत शिरल्याबरोबर पुरुषभर उंचीचा आरसा, त्याच्याखाली पावडरचा डबा आणि सुतळीने बांधलेला कंगवा. अख्ख्या गावाच्या डोक्यांतून फिरलेला तो कंगवा आई आम्हाला लावू द्यायची नाही. पण तो आरसा! पायापासून डोक्यापर्यंत आपण एका वेळी दिसतो हे मला तिथे कळलं. फोटोग्राफर हनुवटीला बोट लावून मान वळवायचे, “हलू नका, श्वास धरा,” म्हणायचे आणि संपलं. पुढचे आठ दिवस काहीच कळायचं नाही. मग खाकी पाकिटातून तीन प्रती यायच्या आणि त्यात जे आलं असेल ते आपलं तोंड.

पुढे धाकट्या काकांनी कुणाकडून तरी आग्फा क्लिक थ्री घेतला. एका रोलमध्ये बारा फोटो. काका फोटो काढताना इतका विचार करायचे की उन्हात उभं राहून आमचे डोळे पाणावायचे, आणि नेमका खटका दाबायच्या क्षणी कुणाचा तरी डोळा मिटायचा. तो मिटल्या डोळ्यांचा फोटोही अल्बममध्ये चिकटवला जाई. पैसे पडले होते ना त्याला! वाईट फोटोला घरात जागा होती. चुलतभावाचा एक फोटो असा होता की त्यात तो शिंकायच्या बेतात आहे. तोच त्याच्या मुंजीचा एकमेव फोटो, तोच वर्षानुवर्षं पाहुण्यांना दाखवला गेला, आणि त्याच्या बायकोलाही लग्नाआधी तोच पाठवावा असं दादाचं मत होतं.

आजीचा तर जिवंतपणी एकटीचा फोटोच नव्हता. ती १९८४ साली गेली तेव्हा काकांच्या लग्नातल्या गर्दीच्या फोटोतून तिचा चेहरा काढून मोठा केला. खांद्यांच्या जागी दुसरंच कुणी होतं, म्हणून कलाकाराने खांदे आणि पदर हाताने रंगवले. त्यामुळे भिंतीवरच्या आजीचा पदर इस्त्री केल्यासारखा सरळ आहे. प्रत्यक्षात तो कायम खोचलेला असायचा. मिश्रीने काळे पडलेले दात मात्र दिसत नाहीत, कारण मूळ फोटोतही तिने तोंड घट्ट मिटलेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमचा सोपा पूर्ण पाण्यात होता. ट्रंकेतले अल्बम नंतर उघडले तर पानाला पान चिकटलेलं, आणि सोडवायला गेलं की चेहऱ्यांचा थर बोटाला लागून यायचा. आमचं बालपण त्या आठवड्यात पुसलं गेलं. आजी माडीवरच्या भिंतीवर होती, म्हणून वाचली.

घरातल्या मुलींचं निराळं होतं. आईच्या कपाटात अफगाण स्नोची बाटली असायची. मुंबईच्या पाटणवाला यांनी १९१९ साली काढलेला हा स्नो आमच्या घरी सणालाच उघडायचा. हिंदुस्तान लिव्हरने १९७५ साली फेअर अँड लव्हली आणली आणि काही वर्षांतच तिची ट्यूब मोठ्या काकूच्या तांदळाच्या डब्यामागे दिसू लागली. आरशात बघू नका म्हणणारी काकूच ती ताईसाठी आणायची. पाच-सहा आठवडे लावून बघ म्हणायची. ताई लावायची, आणि मग स्टुडिओत स्थळांना पाठवायचा फोटो काढायला जायची: प्लॅस्टिकच्या फुलदाणीवर हात, नजर जरा खाली, शेवग्याच्या शेंगेसारखी वेणी पुढे.

या फोटोची एक गंमत मला पुष्कळ उशिरा समजली. स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करत. निगेटिव्हमध्ये जिथे पेन्सिल फिरेल तिथे छापलेल्या फोटोत उजळपणा येतो. गालावरचे डाग, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं त्या पेन्सिलीखाली जायचं, आणि लग्नाचा फोटो आहे म्हटल्यावर हात जरा जास्तच फिरायचा. म्हणजे आज ज्याला फिल्टर म्हणतात तो १९९० च्या सांगलीत होताच. आणि त्याचं फळही ताईला मिळालं. पाहुणे आले. पोहे झाले. चालून दाखव झालं, सुईत दोरा ओवून झाला, पेपर वाचून दाखवून झाला. निघताना मुलाची मावशी चपला घालता घालता म्हणाली, “फोटोत जरा उजळ वाटत होती.” ताईने स्वयंपाकघरातून ते ऐकलं. आपला फोटो आपल्याहून बरा आहे आणि लोकांना तोच हवा आहे, हे तिला विशीत कळलं. तिच्या नातीच्या पिढीला ते दहाव्या-अकराव्या वर्षी कळतं.

तरी पाहुणे एकदाचे जायचे. पत्रातून नकार यायचा, आजोबा “त्यांच्याच नशिबात नव्हतं” म्हणायचे, आणि पुढचा पाहुणा येईपर्यंत महिना-दोन महिने ताईला कुणी बघत नसे. ती पायजमा घालून माडीवर कॅरम खेळायची.

लग्न ठरलं एकदाचं, आणि त्या लग्नात आमच्या घराने स्वतःला पहिल्यांदा हलताना पाहिलं. व्हिडिओ शूटिंग! खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस, त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा धरणारा पोरगा, आणि त्या दिव्याची वायर ओलांडताना पडणारी वऱ्हाडी मंडळी. पंधरा दिवसांनी कॅसेट आली. व्हीसीआर भाड्याने आणला, सोप्यात सतरंज्या पसरल्या, शेजारपाजारचेही आले. आणि काय सांगावं! आईला पहिल्यांदा स्वतःची पाठ दिसली. “मी अशी चालते? बदकासारखी?” म्हणून ती पदराने तोंड झाकून बसली. दादाला स्वतःचा आवाज सहन होईना. मोठे काका पंगतीत भात कालवताना एवढा वेळ दिसत राहिले की शेवटी तेच ओरडले, “अरे, पुढं ढकला!” हसून हसून सगळ्यांच्या पोटात दुखलं. चार तासांच्या त्या कॅसेटमध्ये घरातल्या एकूण एक माणसाची फजिती होती आणि ती सगळ्यांनी एकाच खोलीत, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बघितली. त्यामुळे कुणाला फार लागली नाही.

आपण आपल्यालाच परके का वाटतो याचा एक साधा प्रयोग १९७७ साली अमेरिकेत झाला होता. काही तरुणींना त्यांचा फोटो आणि त्याच फोटोची उलटी, आरशात दिसते तशी प्रत, अशा दोन्ही दाखवल्या. त्यांना उलटी प्रत बरी वाटली. त्यांच्या मैत्रिणींना आणि मित्रांना सरळ. ज्याची डोळ्यांना सवय ते आवडतं, एवढंच. आईला तिची पाठ अनोळखी होती, आम्हाला नव्हती. आम्ही तिला सांगितलंही, “तू पहिल्यापासून अशीच चालतेस की.” यात आमचं प्रेमच होतं, पण तिला तसं वाटलं नसावं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा फुकट झाला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बघण्याची ही सगळी रीतच बदलली. आमच्या घरात पहिला व्हिडिओ टाकला तो कुणा पोरासोराने नव्हे, धाकट्या काकूने. काका-काकू तोवर तासगावकडच्या मळ्यात राहायला गेले होते. काकूला सुनेने टिकटॉक दाखवलं. मग द्राक्षबागेत छाटणी चाललेली असताना, लुगडं खोचून, डोक्याला टापसं बांधून, जुन्या मराठी सिनेमातल्या संवादांवर काकू ओठ हलवू लागली. मागे कामाच्या बायका खुदुखुदू हसताहेत, एखादीच्या हातातली कात्री तशीच. पंधरा सेकंदांचं सगळं. उन्हाने रापलेला चेहरा, एक दात पडलेला. त्या बाईला स्टुडिओने लग्नानंतर कधी बोलावलं नव्हतं, अल्बममध्ये ती कायम कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी दिसायची. आता हजारो लोक तिला ओळखू लागले. बाजारात बायका थांबवून विचारायच्या, “तुम्ही त्याच का हो, बागेतल्या?” खाली लोक लिहायचे ते सगळंच छान नसायचं, वयावरून, रंगावरून, जातीवरून वाटेल ते. सुनेने ते तिला वाचून दाखवलं, तेव्हा काकू म्हणाली, “लोकास्नी कामधंदा न्हाई, मला बाग हाय.”

स्वतःबद्दल माणसाला काय वाटतं यावर या छोट्या व्हिडिओंचा परिणाम वाईटच होतो असं कुणी म्हटलं की मला ही काकू आठवते. ज्यांचा चेहरा पोस्टरवर, मासिकावर, दूरदर्शनवर कधीच येणार नव्हता अशा किती जणींना आपणही बघण्यासारख्या आहोत हे तिथे पहिल्यांदा वाटलं. हे खोटं नव्हतं.

२९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं. काकूचं सगळं एका रात्रीत बंद. आदल्या वर्षी पुरात अल्बम गेले, या वर्षी हे. ती आठ दिवस कुणाशी धड बोलली नाही. योगायोग असा की त्याच आठवड्यात, २५ जूनला, फेअर अँड लव्हलीच्या नावातला ‘फेअर’ काढून टाकत असल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. ताईने ती बातमी घरच्या गटात टाकली. खाली दोनच शब्द: “पंचेचाळीस वर्षांनी.”

इन्स्टाग्रामने रील्स भारतात आणलं ते लगेच जुलैत, यूट्यूबने शॉर्ट्स सप्टेंबरात. सुनेने काकूला तिथेही खातं काढून दिलं. काकूने चार-आठ दिवस बघितलं आणि फोन परत दिला. “हितं समद्या पोरी एकाच आईच्या पोटच्या दिसत्यात गं.” समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिलं असतं, तरी याहून नेमकं कुणी सांगितलं नसतं. तेच उभट गाल, तोच फुगीर ओठ, तोच वर खेचलेला डोळा. टिकटॉकवरही फिल्टर होते, पण काकूच्या टोळीला ते लावता येत नव्हते. इथे ते सगळ्यांना येत होते.

आता आत्या मी आहे. भाची सतरा वर्षांची, धाकट्या भावाची मुलगी. मी उंबऱ्यात पाय ठेवला की जीभ आवरते; वाळलीस, सुटलीस, काही म्हणत नाही. पण माझ्या आधीच तिला कुणीतरी ते सांगून गेलेलं असतं, आणि ते कोण हे ती दाखवू शकत नाही. एकदा तिने मुरमांवरचा एक व्हिडिओ जरा शेवटपर्यंत बघितला. बास, त्यानंतर आठवडाभर मुरमं, डाग, रोमछिद्रं, नाकावरचे काळे ठिपके, ते काढायचे उपाय, त्या उपायांनी आणखी बिघडलेले चेहरे. या ॲपना तुम्ही काय लिहिता-बोलता यापेक्षा कुठल्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलात हे जास्त उपयोगाचं. आणि माणूस थांबतो ते दुखतं तिथे. आत्याला निदान एवढं तरी कळायचं की पोर रडकुंडीला आली आहे, आता पुरे.

तिची तक्रार नाकाबद्दल होती. फार पसरट दिसतं म्हणाली. आमच्या घराण्याचं नाक आहे ते, आजोबांपासून आलेलं. पण हे बोलून उपयोग नव्हता. मी तिला २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडलेलं गणित सांगितलं: फोन बारा इंचांवर धरला तर पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या मानाने नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. मग फोन कपाटावर ठेवून तिला लांब उभी केली. नाक खरंच आवरलं. तिने दोन्ही फोटो बराच वेळ ताडून पाहिले आणि म्हणाली, “पण आत्या, सगळे मला हातातल्या फोनच्या अंतरावरच बघतात ना.” माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. त्याच वर्षी डॉक्टरांच्या नियतकालिकांत दुसरीही एक नोंद झाली होती: पूर्वी लोक शस्त्रक्रियेला येताना नट-नट्यांचे फोटो आणायचे, आता स्वतःचाच फिल्टर लावलेला फोटो आणतात आणि मला असं करा म्हणतात. त्याला ‘स्नॅपचॅट डिसमॉर्फिया’ असं नाव पडलं. ताईला बघायला आलेल्या मुलाची मावशी चपला घालता घालता जे म्हणाली, ते ही माणसं आता स्वतःच स्वतःला म्हणतात.

मुलगे यातून सुटलेत असं समजू नये. मी शाळेत शिकवते. दोनेक वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात प्रश्न विचारला की काही मुलं ओठांवर बोट ठेवायची आणि मग ते बोट जबड्यावरून कानापर्यंत ओढायची. मला वाटलं, खोडी आहे. मग एकाने सांगितलं, “मॅडम, तो म्यूइंग करतोय, त्याला बोलता येणार नाही.” ब्रिटनमधल्या म्यू नावाच्या दंतवैद्य बापलेकांवरून हे नाव आलं. जीभ टाळूला चिकटवून ठेवली की जबडा कोरीव होतो, अशी समजूत. चौदा वर्षांची पोरं गृहपाठाच्या वहीमागे जबड्याच्या कोनाची आकृती काढतात. दादा बादलीवर चढून मिसरूड मोजायचा तेव्हा बाहेर निदान काकू होती, धपाटा घालून खाली उतरवायला. या पोरांना खाली उतरवणारं कुणी नाही, आणि त्यांच्या आरशात इतर हजार पोरांचे जबडे सारखे फिरत असतात.

बरं, हे सगळं चालवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं छापली. ती बाहेर आणणारी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन पुढे अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलली. त्या कागदपत्रांत कंपनीच्याच संशोधकांनी लिहिलं होतं की किशोरवयीन मुलींमध्ये तिघींतल्या एकीला स्वतःच्या शरीराबद्दल जे वाईट वाटतं ते इन्स्टाग्राममुळे वाढतं. कंपनीने मग खुलासा केला की हा आकडा आधीच तसं वाटणाऱ्या मुलींपुरता आहे. असेल. पण आत्यालाही नेमकी तशीच मुलगी सापडायची. जानेवारी २०२५ मध्ये याच कंपनीने, आताच्या मेटाने, इतरांनी बनवलेले फिल्टर आपल्या ॲपवरून काढले. भाची म्हणाली, “दुसऱ्या ॲपवर लावून इकडे आणतात, आत्या.” ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना असं खातंच ठेवता येत नाही, हे मी तिला मोठ्या आशेने सांगितलं. “मी सतराची आहे,” ती म्हणाली.

आणि आमची पिढी? आमचीही गत फार निराळी नाही. दादा रोज रात्री केसांच्या रोपणाचे व्हिडिओ बघतो, आवाज बंद करून. वहिनीला दर दुसऱ्या रीलमध्ये पन्नाशीनंतरही कमरेत वाकणारी कुणी बाई दिसते आणि मग ती सकाळी सूर्यनमस्कार घालून गुडघा धरून बसते. ताईला तिच्या मुलाने नवा फोन घेऊन दिला. त्यात चेहरा नितळ आणि उजळ करणारी सोय आपोआप चालू होती, ते तिला माहीत नव्हतं. नातवाच्या बारशात तिने स्वतःचा फोटो काढला. आम्ही शेजारीच होतो. फोटोत ती गोरी होती. स्टुडिओच्या पेन्सिलीला जमलं नव्हतं इतकी गोरी, आणि हातावर एक सुरकुती नाही. ती फोन जवळ घेऊन, लांब धरून कितीतरी वेळ बघत राहिली. मुलगा म्हणाला, “आई, थांब, ते बंद करून देतो.” तिने फोन मागे घेतला. तोच फोटो तिच्या नावापुढे अजून आहे. घरच्या गटात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही, आणि ज्या घरात सुटलेल्या पोटावर भर पंगतीत बोललं जायचं, त्या घराच्या मानाने ही मोठीच सुधारणा म्हणायची.

यंदा गौरीजेवणाला सगळे जमलो होतो. भाचीच्या दादाने, म्हणजे माझ्या भाच्याने, भिंतीवरच्या आजीचा फोटो मोबाईलवर काढला आणि कुठल्याशा ॲपला दिला. हल्ली जुने फोटो हलवून देतात तसं. मिनिटभरात आजी मान वळवून बघू लागली. मग तिने तोंड उघडलं आणि हसली: पांढरेशुभ्र, एकसारखे, बत्तीसच्या बत्तीस दात. गालावर तजेला, भुवया कोरलेल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी म्हणाली, गाणं लावून रील करा. फोन हातोहात फिरत मोठ्या काकूकडे गेला. काकूचं वय आता नव्वदीच्या घरात. या सासूच्या हाताखाली तिने कितीतरी वर्षं काढलेली. तिने चष्मा वर सरकवला, फोन डोळ्यांशी नेला, तीनदा तेच बघितलं.

“कोन म्हनायची ही?” तिने विचारलं.

“आजी गं! तुझ्या सासूबाई!”

“ह्या?” काकूने फोन परत पोराच्या हातात दिला. “ही हसायची कधी? आन् हसली असती, तर पयला पदर तोंडाला लावला असता तिनं.”

भाच्याने विचारलं, पदर लावलेला करून बघू का? काकू पुरणपोळी मोडत म्हणाली, बघ की. तो तिथेच ताटावर बसून टाइप करायला लागला, आणि शेजारी भाची त्याला सांगत होती, “दात काळे टाक. मिश्रीचे. काळे लिही.”